चकमकीच्या रायफलीचा झिजलेला कान: लायनर बदलण्याच्या कामाच्या नोंदी

ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या), चकमकीवर चालणाऱ्या एका रायफलीच्या कानातला लायनर आम्ही २०२५ च्या पावसाळ्यात बदलला. कान म्हणजे नळीच्या बाजूचे छिद्र, ज्यातून बाहेरच्या रंजकाची (पेटवणीच्या दारूची) ज्वाळा आतल्या दारूपर्यंत पोचते; लायनर म्हणजे त्यात आट्यांनी बसवलेली, बदलता येणारी पुंगळी. असेच काम पुढे कोणाच्या वाट्याला आले तर त्याचा वेळ आणि पैसा वाचावा, म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. काम नाशिकमधील परवानाधारक शस्त्रदुरुस्तीच्या दुकानात झाले. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती आणि चाचणी परवान्याशिवाय करता येत नाही. ज्यांच्याकडे केवळ बंदूक बाळगण्याचा परवाना आहे त्यांनी या नोंदी आपल्या दुरुस्तीवाल्याशी नेमके बोलता यावे एवढ्यासाठी वाचाव्यात.

४ जून २०२५

रायफल दुकानात जमा करून घेतली आणि परवान्याच्या प्रतीसह नोंदवहीत चढवली. रायफलीचे मालक वयाने मोठे आहेत आणि आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. रायफल परदेशी बनावटीची, आतून अर्धा इंच व्यासाची, अष्टकोनी नळीची आहे. समोरासमोरच्या सपाट बाजूंमधले अंतर १५/१६ इंच भरते. नानांची तक्रार तिहेरी होती. गोळी ठासताना दारूचे दाणे कानातून बाहेर येऊन रंजकदानीत (कानाबाहेरच्या, रंजक ठेवायच्या वाटीत) साचतात. बार उडाला की उजवीकडे मोठा झोत जातो आणि मागच्या हंगामात त्या झोताच्या ठिणग्या रेंजवर शेजारी उभ्या असलेल्या नेमबाजाच्या बाहीवर पडल्या. आणि गोळी पूर्वीपेक्षा खाली लागते.

काहीही खोलण्यापूर्वी नळी रिकामी असल्याची खात्री केली. ठासणीच्या बंदुकीत ही खात्री नुसत्या डोळ्यांनी होत नाही. गज (ठासायची लांब काठी) आत तळापर्यंत सोडला, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण केली, मग तोच गज बाहेर काढून ती खूण तोंडाशी जुळवत नळीला बाहेरून लावला. गजाचे टोक कानाच्या किंचित मागे पोचले, म्हणजे आत काही नाही. आत दारू आणि गोळी असती तर टोक कानाच्या बरेच पुढे थांबले असते. घराण्यात पडून राहिलेल्या जुन्या बंदुका भरलेल्या निघाल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे मालक कितीही विश्वासाचा असला तरी ही तपासणी आम्ही टाळत नाही.

त्यानंतर कानाचे माप घेतले. सुरुवातीला ड्रिलच्या मागच्या गुळगुळीत दांड्याच वापरल्या. १/१६ इंचाची (१.५९ मि.मी.) दांडी आत खुळखुळली, ५/६४ इंचाची (१.९८ मि.मी.) सहज गेली आणि ३/३२ इंचाची (२.३८ मि.मी.) गेली नाही. नवा लायनर साधारणपणे १/१६ इंचाच्या आसपास छिद्र घेऊन येतो आणि ५/६४ इंचाच्या पुढे गेलेले छिद्र बदलण्याजोगे समजावे, असा आमचा पायंडा आहे. तेव्हा लायनर गेलेला आहे हे पहिल्याच संध्याकाळी ठरले. मात्र तो कशामुळे गेला हे कळल्याशिवाय नवा बसवण्यात अर्थ नव्हता, कारण कारण तेच राहिले तर नवाही त्याच वाटेने जाणार.

७ जून

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममधून पिन गेजचा (छिद्र मोजायच्या, नेमक्या व्यासाच्या पिनांचा) संच दिवसभरासाठी मागून आणला. २.१० मि.मी.ची पिन आत जाते आणि २.१५ ची अडते. या आकड्यावर थांबलो असतो तर झीज कमी लेखली गेली असती. पिन गेज गोल असते, त्यामुळे छिद्र लांबट झालेले असेल तर ती फक्त त्याची सर्वांत अरुंद रुंदी सांगते. म्हणून मऊ मेण छिद्रात दाबून त्याचा ठसा काढला आणि भिंगाखाली व्हर्निअरने मोजला. आडवी रुंदी २.१, उभी उंची २.३ मि.मी. मूळ छिद्र १.६ मि.मी. धरले तर वायू बाहेर पडण्याची वाट क्षेत्रफळाने जवळजवळ दुप्पट झाली होती. व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण झोत क्षेत्रफळाने ठरतो, आणि नानांच्या तिन्ही तक्रारींचे उत्तर या एका हिशोबात होते.

छिद्र उभ्या दिशेने का वाढले, हा खरा प्रश्न होता. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा नळीत सोडला आणि बाहेरून भिंग लावले. बाहेरच्या तोंडाची वरची कड घासून चकचकीत झाली होती. आतल्या तोंडाची खालची कड तशीच चकचकीत होती. बाकीची सगळी कड मात्र काळपट, खरबरीत आणि सारखी खाल्ल्यासारखी होती. म्हणजे दोन वेगळ्या झिजा एकाच छिद्रात होत्या. खरबरीत झीज वायूची. बंदुकीची काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन स्वरूपात उरतो, आणि हे तापलेले कण दाबाखालच्या वायूबरोबर अरुंद छिद्रातून सुसाट बाहेर पडताना धातू खरवडून नेतात. ही झीज चहूबाजूंनी साधारण सारखी होते. चकचकीत झीज मात्र हाताची होती.

नानांना फोन केला आणि कान साफ करायला ते काय वापरतात ते विचारले. ते म्हणाले, “सायकलच्या चाकाची तार आहे, टोक घासून घेतलेली. चांगली कडक आहे, कधी वाकत नाही.” संध्याकाळी ते ती घेऊन आले. खाली रंजकदानी आडवी येत असल्याने ते तारेची मूठ वर उचलून तार तिरकी घालत होते. अशी तार बाहेरच्या तोंडाशी वर टेकते आणि आत खाली टेकते, नेमके जिथे चकचकीत डाग होते तिथेच. प्रत्येक बारानंतर, वर्षानुवर्षे, कडक पोलादाची कानस फिरत होती असेच म्हणायला हवे.

चकमकीचा भाग निर्दोष निघाला. मागच्या वर्षी नानांनी दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडून रंजकदानीवरच्या पोलादी झाकणाला, ज्यावर गार आपटून ठिणग्या पडतात, पुन्हा पाणी देऊन घेतले होते आणि परदेशी गारही (चकमकीचा दगडही) बदलली होती. तो खर्च वाया गेला, कारण ठिणग्या आधीही भरपूर पडत असणार. आम्ही दुकानातली आपल्याकडची गारगोटी लावून पाहिली. इथल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारा अकीक नीट धार काढून बसवला तर उत्तम ठिणगी देतो. झाकण ठीक, घोड्याची कमान ठीक. पुढे कुलूप (घोडा-चापाची यंत्रणा) खोलायचे नाही असे ठरवले.

११ जून

लायनर काढण्याचा दिवस. दस्त्यातली पाचर काढून नळी वेगळी केली. कॅमेऱ्यातून आधी पाहून घेतले की लायनर नळीच्या तळाच्या बुचाच्या पुढे आहे, बुचात घुसलेला नाही. काही बंदुकांत तो बुचाची कड कापून बसवलेला असतो आणि तिथे काम निराळे होते.

लायनरच्या डोक्यावर पेचकसासाठी खाच होती, पण ती काजळीने बुजलेली होती. पितळी ब्रश आणि गरम पाण्याने ती मोकळी केली, गंज सोडवणारे तेल दोन्ही बाजूंनी सोडले आणि रात्रभर ठेवण्याऐवजी दुपारीच पेचकस लावला. ही घाई नडली. खाचेची एक कड तुटली. बाजारातला पेचकस टोकाकडे निमुळता असतो आणि तो खाचेच्या फक्त वरच्या कडेवर जोर देतो. मग एका जुन्या बिटाचे टोक ग्राइंडरवर सपाट, समांतर घासून खाचेत घट्ट बसेल एवढे केले.

१२ जून

रात्रभर तेलात मुरल्यावर लायनरच्या डोक्याला सोल्डरिंगच्या जाड इस्त्रीचे टोक लावून तो तापवला. गॅसची ज्योत नळीला लावू नये. बाहेरचा रंग जातो आणि उष्णता जिथे हवी तिथे राहत नाही. निवल्यावर पुन्हा तेल, पुन्हा उष्णता. मग नळी लाकडी जबड्यांमध्ये धरून ड्रिल मशीनच्या टेबलावर बांधली, घासलेला बिट चकमध्ये पकडला, मशीनचा प्लग काढून ठेवला आणि दांडा खाली दाबून चक हाताने फिरवला. वरून दाब कायम राहत असल्याने बिट खाचेतून उसळत नाही. करकर आवाज झाला आणि लायनर सुटला. ज्यांना हे एकच तंत्र घ्यायचे असेल त्यांनी हे घ्यावे; मोकळ्या हाताने पेचकस फिरवून खाच तुटली की पुढे लायनर ड्रिलने कोरून काढण्याची वेळ येते आणि त्यात नळीचे आटे जाण्याचा धोका असतो.

काढलेला लायनर पाहण्यासारखा होता. बाहेरून आत जाताना छिद्र रुंद होत जाते असा तो आतून शंकूच्या आकाराचा होता, पण शंकूचा पृष्ठभाग गुळगुळीत राहिला नव्हता, त्यावर बारीक खड्डे पडले होते. ही गंजाची खूण आहे. काळ्या दारूच्या राखेतले पोटॅशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढतात, आणि नाशिकचा जुलै-ऑगस्ट म्हणजे त्यांना आयतेच पाणी. नाना नळी नीट धुतात, पण कानाच्या आतल्या शंकूत चिंधी पोचत नाही आणि तिथली राख तशीच राहत होती.

१४ जून

आटे मोजले. यात फसगत होण्याचा संभव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लायनरचा बाहेरचा व्यास झिजून ६.२ मि.मी. भरत होता. रायफल मेट्रिक मापाच्या देशातली असल्याने सहा मि.मी. व्यास आणि एक मि.मी. अंतराचे आटे असावेत, असे पहिल्यांदा वाटले. पण सहाचा आटा ६.२ भरू शकत नाही. आटे मोजण्याच्या पट्ट्या लावल्या तेव्हा इंचाला २८ आट्यांची पट्टी बिनफटीची बसली, म्हणजे दोन आट्यांतले अंतर ०.९०७ मि.मी. पाव इंच व्यास, इंचाला २८ आटे, हे माप. दोन्ही आट्यांमधले अंतर इतके जवळचे आहे की चुकीचा लायनर दोन-अडीच फेरे बिनतक्रार जातो आणि मग अडकतो. तिथे जोर केला की नळीचे आटे गेले. सहा फेऱ्यांच्या कामात अडीच फेरे गेले म्हणजे माप जुळले, असे समजू नये.

फेरे सहा का, तेही सांगतो. नळीची बाहेरची सपाट बाजू ते आतली पोकळी यांतली जाडी (२३.८ उणे १२.७) भागिले दोन, म्हणजे साधारण साडेपाच मि.मी., आणि ०.९०७ मि.मी.च्या आट्याने ते सहा फेरे होतात. लायनरची लांबी यापेक्षा जास्त असता कामा नये आणि फार कमीही नको.

नळीतले आटे सुदैवाने शाबूत होते. नवा टॅप (आतले आटे कापायचे हत्यार) हाताने, तेल लावून, फक्त काजळी काढण्यापुरता फिरवला.

१५ जून

धातू कोणता घ्यावा यावर दुकानात बरीच चर्चा झाली. भांडीबाजारातून तांब्याची किंवा पितळेची सळई सहज मिळते, गंजत नाही, आणि कापायला सोपी. जुन्या पितळी-काशाच्या तोफांच्या कानांत तांब्याची पुंगळी बसवत असत हे खरे आहे, कारण सततच्या माऱ्याने काशातला कान लवकर खाल्ला जाई. पण तोफेच्या कानाची पुंगळी जाड असते आणि इथे छिद्राभोवती जेमतेम दोन मि.मी. धातू उरतो. पितळ तापलेल्या कणांपुढे टिकत नाही. साधे पोलाद टिकते, पण या हवेत गंजते. इंग्लंडमधल्या उंची बंदुका बनवणाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कानाला सोन्याचे आणि त्यानंतर प्लॅटिनमचे अस्तर दिले, ते शोभेपेक्षा वायूची झीज आणि गंज या दोन्हींवरचा उपाय म्हणून. लंडनचे बंदूक-कारागीर हेन्री नॉक यांनी १७८७ मध्ये नळीच्या बुडाचे पेटंट घेतले, त्यातही भर होता तो ठिणगी दारूपर्यंत लवकर पोचण्यावर. आजच्या घडीला स्टेनलेस पोलाद हा त्या प्लॅटिनमचा परवडणारा पर्याय आहे.

एसएस ३०४ ची (स्टेनलेस पोलादाच्या एका जातीची) सळई दुकानात पडून होती, म्हणून तीच घेतली.

१६ जून

काम झाले नाही. पावसामुळे अंबडमध्ये टर्नरकडे दिवसभर वीज नव्हती.

१८ जून

३०४ चा निर्णय मागे घेतला. बाहेरचे खरादकाम आणि डायने (बाहेरचे आटे पाडायच्या हत्याराने) आटे पाडणे बरे झाले, पण १.५ मि.मी.चे ड्रिल आत जेमतेम रुतले आणि मोडले. दुसरे ड्रिल हलक्या हाताने चालवले तर ते न कापता नुसते घासत राहिले. भाऊसाहेब, म्हणजे आमचे टर्नर, म्हणाले, “याला थांबून थांबून कापाल तर तो जास्तच कडक होतो. एक तर जोर देऊन सलग कापा, नाहीतर दुसरे मटेरियल आणा.” त्यांचे बरोबर होते. ३०४ घासले गेले की पृष्ठभागावर कडक होते, आणि एवढ्या बारीक ड्रिलवर सलग जोर देता येत नाही. मोडलेला तुकडा छिद्रातच राहिला आणि लायनर भंगारात गेला.

सातपूरच्या एका सळई-विक्रेत्याकडून एसएस ३०३ चा छोटा तुकडा मिळाला. यात गंधक मिसळलेले असल्याने कापताना बुरादा तुटून पडतो. गंजरोधात ते ३०४ पेक्षा थोडे उणे आहे, पण ज्याला भोक पाडता येत नाही त्याचा गंजरोध काय कामाचा? कोबाल्टच्या ड्रिलने, दर थोड्या अंतरावर बाहेर काढून तेल देत, छिद्र स्वच्छ गेले.

२० जून

आतला शंकू. या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा होता. छिद्र सरळ, लायनरच्या पूर्ण लांबीचे ठेवले तर त्यात दारूचे दाणे जाऊन बसतात आणि वातीसारखे एकामागून एक जळतात. चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंत कानाला जाणवेल एवढा वेळ जातो. आतून शंकू कोरला की ठासलेली दारू बाहेरच्या तोंडाच्या अगदी जवळ येऊन बसते आणि रंजकाच्या ज्वाळेला थोडीच वाट कापावी लागते. म्हणून शंकू जितका खोल तितका बार झटपट, असे वाटते, आणि पहिला शंकू आम्ही तसाच खोल कोरला. बाहेरच्या तोंडाशी सरळ छिद्राची जेमतेम पाव मि.मी. कड उरली. दिसायला सुंदर, पण एवढी पातळ कड वायूपुढे आधी जाते. नव्या लायनरची झीज तिथूनच सुरू झाली असती. तो तुकडा बाजूला ठेवला आणि दुसरा कोरला, ज्यात सरळ छिद्राची लांबी साधारण एक मि.मी. राखली. वेगात किंचित तडजोड, आयुष्यात पुष्कळ लाभ. शंकूचा पृष्ठभाग लाकडी काडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून गुळगुळीत केला, म्हणजे राख चिकटायला जागा कमी.

२३ जून

बसवणी. आट्यांना तांबेयुक्त ग्रीस लावले, जेणेकरून पुढच्या वेळी १२ जूनचा खटाटोप पुन्हा होऊ नये. लायनर बाहेरून सपाट बाजूशी एकसारखा आला, पण आत किती आला हे बोटाने कळत नाही. गजाला घट्ट चिंधी लावून तळापर्यंत नेली आणि ओढली. चिंधीचे दोन धागे तुटून आले. लायनर पोकळीत डोकावत होता. एवढा उंचवटाही प्रत्येक सफाईच्या वेळी चिंधी फाडतो आणि गोळी ठासताना तिच्याभोवतीच्या चिंधीला ओरखडतो.

लेथवर आतले टोक कमी केले, पण अंदाजाने जास्त गेले, आणि कॅमेऱ्यात लायनरचे टोक भिंतीपासून आत बुडालेले दिसले. असा खळगा ठेवायचा नसतो, कारण राख नेमकी तिथे साचते आणि आधीच्या लायनरचा गंज तसल्याच जागी झाला होता. पुन्हा नवा लायनर. या वेळी दरवेळी थोडेसे कमी करून बसवून पाहिले, चिंधीचे धागे येणे थांबले तिथे थांबलो, आणि शेवटची कड घासून गोलसर केली. हे काम मोजमापाने होत नाही, चिंधीने होते.

रंजकदानीशी छिद्राची उंची तपासली. छिद्राचा मध्य रंजकदानीच्या वरच्या कडेच्या रेषेत येतो. छिद्र त्याखाली असेल तर रंजक त्यावर झाकण घालून बसते आणि फार वर असेल तर ज्वाळा त्याच्याखालून निघून जाते. नळीतल्या आट्यांची जागा बदलत नसल्याने इथे करण्यासारखे काही नव्हते, पण पाहून ठेवणे भाग होते.

२८ जून

छिद्र मुद्दाम १.५ मि.मी. ठेवले होते. धातू काढता येतो, परत घालता येत नाही, म्हणून लहान छिद्रापासून सुरुवात करून गरजेपुरतेच वाढवायचे असे ठरले होते. दुकानात नळी रिकामी ठेवून केवळ रंजक पेटवून पाहिले. ज्वाळेचा उजेड कॅमेऱ्याशिवाय, नळीच्या तोंडाकडून बाजूला उभे राहून आरशात पाहिला. आत झगमग स्पष्ट होती. पण पाऊस सुरू होता, दार उघडे होते, आणि थोडा वेळ रंजकदानीत पडून राहिलेले रंजक पुढच्या वेळी सुस्त पेटले. पावसाळ्यात रंजक शेवटच्या क्षणी घालावे, आणि प्रत्येक बारानंतर रंजकदानी कोरड्या कापडाने पुसावी, कारण आधीच्या बाराची राखच नव्या रंजकाला ओलावा देते.

६ जुलै

नानांनी आपल्या क्लबच्या रेंजवर, परवानगी घेऊन, रायफल चालवली. उजव्या बाजूला कोणालाही उभे राहू दिले नाही. पहिले काही बार स्वच्छ गेले, त्यानंतर रंजक पेटले पण बार उडाला नाही असे होऊ लागले. अशा वेळी रायफल लक्ष्याकडेच रोखून पूर्ण एक मिनिट थांबायचे, हे नाना काटेकोर पाळतात. बार उशिरा उडण्याची शक्यता तेवढा वेळ तरी धरलीच पाहिजे. कारण उघड होते. १.५ मि.मी.चे छिद्र नवे असताना पुरते, पण दोन-चार बारांच्या राखेने आणखी अरुंद होते आणि दमट हवेत ती राख चिकट होते.

नळी पूर्ण रिकामी करून, धुऊन, हातात धरायच्या बारीक चकमध्ये ड्रिल घेऊन छिद्र १.६ केले. फरक पडला, पण पूर्ण नाही. मग १.७. त्यानंतर चुकार बार थांबले आणि चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंतचा सुस्तपणाही गेला. दर वेळी ड्रिलचा बुरादा आत पडतो, म्हणून गरम पाण्याने धुवून चिंधी फिरवणे आवश्यक आहे. कोरड्या प्रदेशात १.६ पुरेल, असे वाटते. नाशिकच्या पावसाळ्यात १.७ ठीक.

झोत पाहण्यासाठी उजवीकडे हातभर अंतरावर पांढरा पुठ्ठा उभा केला होता. त्यावर पडलेला काजळीचा डाग तारखेसह जपून ठेवला आहे. पुढच्या वर्षी याच अंतरावर पुठ्ठा ठेवला की झीज डोळ्यांना दिसेल, मापे घेण्याआधीच. गोळ्या पुन्हा नानांच्या जुन्या नेमाच्या जागी लागू लागल्या.

८ जुलै

सायकलची तार नानांकडून काढून घेतली. त्यांनीही खळखळ केली नाही. तिच्या जागी घरच्या वायरिंगमधली १.५ चौरस मि.मी.ची एकेरी तांब्याची तार दिली. तिचा व्यास १.३८ मि.मी. असतो, १.७ च्या छिद्रात ती सैल जाते आणि पोलादाला घासली तरी स्वतःच झिजते. ती वाकते, हेच तिचे काम आहे. ठासताना दारू बाहेर येऊ नये म्हणून कानात कोंबडीच्या पिसाचा दांडा घालून ठेवायची जुनी पद्धतही सांगितली. तो काढला की दारूत एक मोकळी वाट राहते, आणि मग कानात तार खुपसण्याची गरजच बहुतेक वेळा उरत नाही.

सफाईसाठी एक बदल सुचवला. नळी धुताना कान खाली ठेवून, तोंडातून गरम पाणी आणि दोन थेंब साबण सोडून ते कानातून जोराने बाहेर काढायचे, म्हणजे शंकूतली राख निघते. मग कोरडे करून तेलाचा एक थेंब कानातही. चिंधीवर विसंबू नये.

खर्चाचा हिशोब: टॅप आणि डाय ७५० रुपये, कोबाल्टची ड्रिल मोडलेल्यांसह ४८०, सळई १५०, टर्नरची मजुरी वाया गेलेल्या लायनरांसह १,२००, मोबाइलचा कॅमेरा ९००. पुन्हा करायचे झाले तर कॅमेरा, टॅप आणि डाय आहेतच, आणि ३०४ चा खर्च होणार नाही. तेव्हा अर्ध्याहून कमी रकमेत व्हावे. वेळ मात्र खाचेतला पेचकस आणि आतल्या टोकाची लांबी या दोन ठिकाणीच सर्वांत जास्त गेला.

२३ ऑगस्ट

पावसाळा ओसरत असताना नानांना रायफल तपासायला आणायला सांगितले होते. मधल्या काळात ती नियमित चालली होती. १.७० ची पिन जाते, १.७५ ची जात नाही. मेणाचा ठसा गोल आहे. उभ्या आणि आडव्या मापात भिंगाखालीही फरक दिसत नाही. शंकूत खड्डे नाहीत, फक्त पातळ काजळी, जी पाण्याने निघाली. रंजकदानीच्या मागच्या कोपऱ्यात मात्र तांबूस गंज धरला होता, तो पितळी ब्रशने काढून तेल दिले आणि नानांना तिथेही बोट फिरवून पाहायला सांगितले.

त्याच सळईतून आणखी दोन लायनर करून, आतली लांबी या नळीच्या मापाने राखून, १.५ मि.मी. छिद्रासह रायफलीच्या पेटीत ठेवले. पेटीवर चिठ्ठी लावली आहे: पाव इंच, २८ आटे, सरळ छिद्र एक मि.मी., चालू माप १.७०, १.९८ ची दांडी सहज गेली की किंवा ठसा लांबट दिसू लागला की, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावे.